गिऱ्हाइकाचा कागद ही ठेव आहे



शेतकऱ्याच्या घरात आता नुसती शेती राहिलेली नाही. एक भाऊ रान बघतो, दुसरा खत-बियाण्याचे दुकान चालवतो. कोणाकडे दूध संकलन केंद्र आहे, कोणाकडे गुऱ्हाळ. रांजणगाव, शिक्रापूर, कुरकुंभ या बाजूंना कंपन्या आल्या तशा लोकांनी रस्त्याकडेच्या रानात खोल्या बांधून भाड्याने दिल्या. पोरगा बारावी होऊन झेरॉक्सचे मशीन आणि कॉम्प्युटर मांडून चौकात बसला आहे. सूनबाई घरच्या ओसरीवर किराणा आणि मोबाईलचे रिचार्ज सांभाळते. भीमेच्या अलीकडे शिरूर आणि पलीकडे दौंड, दोन्ही तालुक्यांत हेच चित्र दिसते. चांगलेच आहे. पावसाने दगा दिला तरी चूल पेटते.

या सगळ्या धंद्यांत एक गोष्ट सारखी आहे. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्याचे कागद आपल्या हातात येतात. कोणाचे आधार, कोणाचे पॅन, कोणाच्या पासबुकाचे पहिले पान, कोणाचा सातबारा. शिवाय मोबाईलचा नंबर, आणि मशीनवर टेकवलेला अंगठा. गल्ल्याला आपण रोज रात्री कुलूप लावतो. हे कागद मात्र टेबलाखालच्या पिशवीत, कॉम्प्युटरच्या कुठल्यातरी कोपऱ्यात, नाहीतर व्हॉट्सॲपवर तसेच पडून राहतात.

आता चोराला गल्ला फोडायची गरज उरलेली नाही. तो माणसाचे नावच उचलून नेतो. त्या नावावर सिमकार्ड घेतो, खाते उघडतो, कर्ज काढतो. ज्याचे नाव गेले त्याला पत्ताच नसतो. सोसायटीत पीककर्जाला गेल्यावर तिथे कळते की आपल्या नावावर आधीच कुठलेसे कर्ज थकलेले आहे. मग तो आठवू लागतो की, आपण आपला कागद दिला होता कोणाला? आणि त्याला आठवते ते तुमचे दुकान. चोर दुसराच कोणी असेल, पण गावात नाव तुमचे निघते. म्हणून आज या विषयावर बोलू.

कर्ड्याचा बहिष्कार आणि सुप्याची होळी

कागदावरून एकदा आपल्याच भागात आग लागली होती. शाळेच्या पुस्तकात तुम्ही दख्खनचे दंगे वाचले असतील. त्यांची सुरुवात शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावापासून झाली. १८७४ च्या डिसेंबरात तिथल्या एका सावकाराने गावच्या देशमुखांवर हुकूमनामा मिळवला आणि त्यांना राहत्या वाड्यातून बाहेर काढायला निघाला. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या रानात कोणी कामाला जाईना, न्हावी हजामत करीना, कोणी पाणी भरीना. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे गावात स्फोट झाला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामती तालुक्यात, दौंडच्या शेजारी आहे. लोक सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. मग पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर, या जिल्ह्यांतल्या तीसहून जास्त गावांत हे लोण पसरले.

कारणे बरीच होती. अमेरिकेतली यादवी संपून कापसाचे भाव कोसळले होते, सरकारने सारा वाढवला होता, सावकाराने हात आखडता घेतला होता. पण लोकांनी मागितले काय ते पाहा. त्यांनी मागितले रोखे आणि खतावण्या. कागद हातात आले की चौकात त्यांची होळी करायची, हा त्या दंग्यांचा रिवाज होता. कारण कागदावर खाली नांगराची निशाणी आपली, पण वर काय लिहिले आहे ते आपल्याला वाचता येत नाही, आणि कागद मात्र कायमचा दुसऱ्याच्या पेटीत! दुखणे हेच होते.

सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. त्यात सांगितले की कर्जाचे कागद गावच्या निबंधकासमोर व्हावेत. शेतकऱ्याला पैसे भरल्याची लेखी पावती मिळावी, वर्षाचा हिशेब मिळावा, त्याच्या हाती पासबुक असावे. म्हणजे व्यवहार लेखी राहिला, पण कागदाची एक बाजू ज्याची निशाणी त्याच्याही हातात आली. दीडशे वर्षे होत आली, तरी दुकानदाराने यातून घ्यायचा धडा जुना झालेला नाही.

आताचा अंगठा

आता नांगराची निशाणी गेली आणि काचेवरचा अंगठा आला. अनुदानाचे खत २०१८ पासून देशभर आधार आणि अंगठा घेऊन पॉस मशीनवर विकले जाऊ लागले. बँकेचेही तसेच आहे. गावातल्या बँकमित्राकडे आधारचा नंबर, बँकेचे नाव आणि अंगठा एवढे दिले की पैसे हातात पडतात. म्हाताऱ्या माणसाला निराधारच्या पैशासाठी शिरूरला नाहीतर दौंडला हेलपाटा मारावा लागत नाही. सोय मोठी आहे, पण इथे ओटीपी लागत नाही आणि कार्डही लागत नाही. म्हणजे चोरालाही त्या तीनच गोष्टी लागतात.

अंगठा कसा चोरणार, असे तुम्ही म्हणाल. २०१८ साली तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याने जमिनीच्या खरेदीखतांवरचे अंगठे आणि आधारचे नंबर उतरवून घेतले. त्या अंगठ्यांचे रबरी ठसे बनवले आणि परक्यांच्या नावावर हजारो सिमकार्डे चालू केली. तो माणूस दरोडेखोर नव्हता. सिम विकण्याचे ठरवून दिलेले आकडे त्याला गाठायचे होते. हे मी मुद्दाम सांगतो आहे. पुष्कळदा असा उद्योग कोणी परदेशी बसलेला ठग करत नाही, ‘थोडे चालते’ म्हणणारा आपल्यासारखाच दुकानदार करतो.

दुसरी गोष्ट गुजरातेतली. भावनगर जिल्ह्यातल्या पालिताणा इथे २०२३ साली असे उघडकीला आले की, गरीब लोकांना सरकारी योजनेचे आमिष दाखवून आधार केंद्रावर नेले जात होते. तिथे त्यांच्या आधारला जोडलेला मोबाईल नंबर बदलला जाई. नंबर एकदा परक्याचा झाला की ओटीपी त्या परक्याकडे. मग त्या गरिबांच्या नावाने जीएसटीच्या नोंदण्या काढल्या. ज्याच्याकडे एक टपरीसुद्धा नाही तो कागदावर व्यापारी झाला!

आपल्या राज्यात २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा होता. २०२५ साली ती योजना बंद झाली. तिच्यातही दुसऱ्याच्या जमिनीवर परस्पर विमा उतरवल्याची प्रकरणे निघाली आणि काही सेवा केंद्रांवर कारवाई झाली. सातबारा कोणाचाही काढता येतो. पण तो दुसऱ्याच्या अर्जाला जोडायचा हक्क कोणालाही नाही.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे प्रकरण तुम्हाला आठवत असेल. ही १९०६ सालची जुनी सहकारी बँक. २०१८ च्या ऑगस्टमध्ये, ११ आणि १३ तारखेला, चोरांनी तिच्या यंत्रणेत घुसून सुमारे ९४ कोटी रुपये काढून नेले. खातेदारांच्या कार्डांच्या नकला करून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा केली. खातेदारांच्या ठेवींना धक्का लागला नाही, नुकसान बँकेने सोसले. बँकेला ते झेपले. आपल्या दुकानाला कोण झेलणार? आपले भांडवल म्हणजे गल्ल्यातले चार पैसे आणि गावातली पत. पैसे पुन्हा मिळवता येतात. पत गेली की गिऱ्हाईक न बोलता पुढच्या दुकानात जाते.

दुकानात काय करावे

पहिली गोष्ट, जे लागत नाही ते घेऊ नका. खताच्या पोत्यासाठी अंगठा मशीनवर जातो. त्यासाठी आधारची झेरॉक्स ठेवून घेण्याचे कारण नाही. ‘असू द्या, कधी लागेल’ म्हणून घेतलेला कागद कधी लागत नाही, पण सापडतो मात्र चोराला. जो कागद आपल्याकडे नाहीच तो आपल्याकडून चोरीला जाऊ शकत नाही.

दुसरी, घ्यावाच लागला तर झाकलेले आधार चालते का पाहा. आधारच्या संकेतस्थळावरून अशी प्रत काढता येते. तिच्यात नंबरचे शेवटचे चारच आकडे दिसतात. खोली भाड्याने देणाऱ्यांनी भाडेकरूची पोलिसांकडे नोंद जरूर करावी, पण त्याच्या कागदांचा गठ्ठा ओसरीवरच्या फडताळात उघडा ठेवू नये. साध्या झेरॉक्सवर आडव्या दोन रेघा मारून ‘फक्त अमुक कामासाठी’ असे लिहावे, तारीख टाकावी आणि गिऱ्हाइकाची सही घ्यावी. असा कागद दुसऱ्या कामाला वापरायला चोर बिचकतो.

तिसरी गोष्ट झेरॉक्सवाल्या आणि सेवा केंद्रवाल्या मुलांसाठी. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर कागद पाठवते, तुम्ही छापून देता, तो निघून जातो. त्याचा कागद मात्र तुमच्या फोनमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये राहतो. रोज संध्याकाळी दुकान झाडता तसे हेही झाडा. फोनमधून काढा, कॉम्प्युटरमधून काढा आणि कॉम्प्युटरची कचरापेटीही रिकामी करा. काळी, वाकडी निघालेली झेरॉक्स रद्दीत घालू नका. रद्दीतला कागद पुढे भेळेच्या गाडीवर जातो. खरकटा हात पुसताना कोणाच्या आधारवर पुसतो आहोत हे कोणी पाहत नाही, पण एखादा पाहतो. असे कागद घरी नेऊन पाणी तापवायच्या बंबात घाला.

चौथी, ओटीपी गिऱ्हाइकानेच टाकावा. म्हातारे आजोबा फोन तुमच्या हातात देऊन म्हणतात, ‘तूच बघ बाबा.’ तरी त्यांना शेजारी बसवा, कशाचा ओटीपी आहे ते मोठ्याने वाचून दाखवा, मगच टाका. आणि अर्जात त्यांच्या नंबराच्या जागी स्वतःचा नंबर कधीही घालू नका, काम कितीही लवकर होत असले तरी. पालिताण्याची गोष्ट आठवा. आता शेतकरी ओळख क्रमांकही आला आहे. २०२५ च्या एप्रिलपासून तो शेती खात्याच्या योजनांना सक्तीचा झाला. तो कोणत्या मोबाईलला जोडला आहे हे ज्याचे त्याला माहीत असले पाहिजे.

पाचवी, पासवर्ड भिंतीवर चिकटवू नका. कामाला मुलगा ठेवला असेल तर त्याला वेगळा द्या आणि तो काम सोडून गेला की त्याच दिवशी बदला. मुलगा वाईट असतो म्हणून नव्हे. घराची किल्ली ज्याच्याकडे असते त्याच्यावरच उद्या संशय येतो. त्यालाही त्यातून सोडवायला नको का?

सहावी गोष्ट जरा कडू आहे. ऊसतोडीच्या टोळीतल्या, गुऱ्हाळावरच्या किंवा गोठ्यावरच्या माणसाचे मूळ आधारकार्ड ‘पळून जाऊ नये’ म्हणून अडकवून ठेवू नये. त्या माणसाचे रेशन, दवाखाना, पोराची शाळा सगळे त्या कार्डावर आहे. कर्ड्याच्या सावकाराला आपण नावे ठेवतो, मग आपल्या पेटीत दुसऱ्याची ओळख गहाण कशी ठेवायची?

धंद्याची ओळखही चोरीला जाते

हे झाले गिऱ्हाइकाचे. तुमच्या दुकानाची ओळखही चोराला हवी असते. समजा, ऐन पेरणीत युरियाची ओढाताण आहे. कोणी तुमच्या पाटीचा फोटो काढतो, तुमच्या दुकानाच्या नावाने व्हॉट्सॲप उघडतो आणि गावोगाव निरोप पाठवतो की, माल आला आहे, पोत्यामागे दोनशे आगाऊ पाठवा. लोक नाव बघून पाठवतात आणि सकाळी तुमच्या दारात येतात. यावर उपाय एकच, तो म्हणजे आधीच सांगून ठेवणे. पावतीवर आणि पाटीवर दुकानाचा एकच नंबर छापा. खाली लिहा, ‘आम्ही फोनवरून आगाऊ पैसे मागत नाही.’

पैसे घेण्याचा क्यूआर कोड सकाळी दुकान उघडताना बघत जा. त्याच्यावर दुसरा कागद चिकटवून पैसे आपल्या खात्यात वळवण्याची युक्ती जुनी झाली तरी चालते. स्वतः एक रुपया पाठवून नाव बघा. ‘पैसे पाठवले’ असा फोटो दाखवून माल नेणाऱ्याला थांबवा. खात्यात आले तरच आले. कंपनीच्या नावाने फोन आला की आमचे खाते बदलले आहे, पुढचे पैसे इकडे भरा, तर त्या फोनवर बोलूच नका. तुमच्या जुन्या वहीत जो नंबर आहे त्यावर फोन लावून विचारा. ‘पीएम किसान’च्या किंवा दंडाच्या पावतीच्या नावाने व्हॉट्सॲपवर एखादी फाईल आली तर ती उघडू नका. ती फोनमध्ये शिरली की तुमचे निरोप आणि ओटीपी चोराला दिसू लागतात, आणि ज्या फोनवर दुकानाचे खाते आहे त्याच फोनमध्ये गिऱ्हाइकांचे नंबरही असतात.

स्वतःचा अंगठाही जपा. आधारच्या ॲपवरून तो कुलूपबंद करता येतो. मग तुमच्या अंगठ्यावर कोणाला पैसे काढता येत नाहीत. मात्र तो बंद असताना खताच्या मशीनवरही तुमचा अंगठा चालणार नाही, तेवढ्यापुरते कुलूप उघडावे लागते. हे माहीत नसल्याने लोक मशीन बिघडले म्हणून दुकानदाराशी भांडतात. आधारविषयी काही विचारायचे तर १९४७ हा नंबर आहे. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हे सरकारच्या ‘संचार साथी’वर दिसते. कर्जाची माहिती ठेवणाऱ्या संस्थांकडून वर्षातून एकदा आपला उतारा फुकट मागता येतो. वर्षाला एकदा बैलाचे पाय तपासतो, तसे हेही तपासावे.

झाकली मूठ उघडा

एवढे करूनही घडले तर? आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण इथे मूठ झाकली की सव्वा लाखही जातात. दुकानदार गप्प बसतो, कारण गावात बोभाटा होईल. म्हातारी गप्प बसते, कारण मुलगा रागावेल. तेवढ्या वेळात पैसे चार खात्यांतून फिरून नाहीसे होतात. म्हणून कळल्याबरोबर १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेला कळवून खाते थांबवा. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली बँकांना सांगितले की, चूक ना खातेदाराची ना बँकेची, अशा फसवणुकीत खातेदाराने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर त्याच्यावर भुर्दंड पडू नये. म्हणजे प्रत्येक दिवसाला किंमत आहे. मग पोलीस ठाण्यात तक्रार द्या. दुसऱ्याच्या ओळखीचा पासवर्ड, सही वा खूण लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-क कलमाखाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. लोकांची माहिती जपण्याबद्दल २०२३ साली वेगळा कायदा झाला, २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम निघाले, आणि त्यातल्या जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत.

आणि सगळ्यात अवघड काम, ज्यांचे कागद गेले त्यांना स्वतः जाऊन सांगा. समजा, दूध संकलन केंद्रातून दोनशे उत्पादकांच्या पासबुकांच्या झेरॉक्सची फाईल नाहीशी झाली. लाज वाटेल, बोलणी खावी लागतील. पण त्या दोनशे घरांना आजच कळले तर ती अंगठ्याला कुलूप घालतील, बँकेत जातील, वाचतील. महिन्याने दुसऱ्याकडून कळले तर मात्र बोलणी खाऊनही भागणार नाही.

गावात कागदाची विचारपूस केली की माणूस रागावतो. ‘माझ्यावर भरवसा नाही का?’ म्हणतो. त्याला सांगा, भरवसा आहे म्हणूनच लिहून ठेवतो. शेजाऱ्याने आपल्या पेवात ठेवलेले धान्य आपण विकत नाही आणि सांडतही नाही. मागेल तेव्हा मोजून परत देतो. गिऱ्हाइकाचा कागद तसाच समजा.

येत्या दिवाळीच्या पाडव्याला नव्या वहीची पूजा कराल, तेव्हा शेवटची चार पाने या कामाला राखून ठेवा. कोणाचा कोणता कागद घेतला, कशासाठी, कोणत्या तारखेला, आणि परत कधी दिला किंवा नष्ट कधी केला, एवढेच त्यात लिहायचे. तोवर आज रात्री जेवणे झाली की टेबलाखालची पिशवी बाहेर काढा. सूनबाईंना सोबत घ्या, कारण कोणता कागद कोणाचा हे बहुधा त्यांनाच माहीत असते. ज्यांचे काम झाले आहे त्यांचे कागद परत करा. परत करता येत नाहीत ते उद्या सकाळी बंबात घाला.